शुक्रवारचा मुरमाचा रस्ता

गेल्या हिवाळ्यात अंबाडीच्या नाक्यावर तीन तरुण चहा पीत उभे होते. डोक्यावर हेल्मेट, सायकलींची हँडलं मेंढ्याच्या शिंगांसारखी खाली वळलेली, टायर मात्र जाड आणि खाचांचे. माझी जुनी काळी सायकल बघून त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "काका, तानशाच्या तलावाकडे जायला हायवे सोडून दुसरा रस्ता आहे का? डांबर नको. मुरमाचा, खडीचा, कसाही चालेल."

मी म्हटलं, "आहे. कोणत्या दिवशी जाणार?"

"दिवसाचं काय त्यात? रविवारी."

"पूर्वी विचारलं असतंत तर शुक्रवारीच जा म्हटलं असतं. आता कधीही जा."

ते एकमेकांकडे बघून हसले. मी टपरीवाल्याकडून कागद मागून घेतला आणि रस्ता काढून दिला. कुठे मुरूम, कुठे सुटी खडी, कुठे उतरून सायकल ढकलावी लागते, कुठल्या किलोमीटरला पाणी मिळतं. "एवढं पाठ?" एकाने विचारलं. मी हो म्हटलं. पाठ आहेच. तो रस्ता मी हौसेने शोधलेला नाही. बायकोला तिच्या आईकडे नेता यावं एवढ्यासाठी शोधला होता.

ही गोष्ट दोन हजार चारच्या सुमाराची. मी यंत्रमागाच्या कारखान्यात फोल्डिंग खात्यात होतो. मागावरून उतरलेलं कापड मोजायचं, घडी घालायची, डाग आणि तुटलेले धागे बघायचे, ताक्यावर मीटरचा आकडा लिहायचा. माझा आकडा पुन्हा कोणी मोजत नसे, त्यामुळे तो चुकू न देण्याची सवय अंगात मुरली होती. घरात आई, दोन मुलं आणि बायको. बायको तलावाच्या पलीकडच्या गावातली, शेतकरी घरातली.

त्याआधी दोन वर्षं ती माहेराहून परत येताना पडघ्याच्या अलीकडे तिच्या जीपला मागून कंटेनर लागला. शेजारी बसलेली बाई जागच्या जागी गेली. हिच्या गळ्याखालचं हाड मोडलं, ते सहा आठवड्यांत जुळलं. पण तेव्हापासून मागून मोठ्या गाडीचा आवाज आला की ती असेल तिथून उतरायची. एसटीतून उतरली. रिक्षातून उतरली, तीही रिक्षा थांबायच्या आधी. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, भीती तशीच राहिली. आणि भिवंडीत तर जिकडे जावं तिकडे ट्रक. दापोड्याच्या बाजूला एकेक करत गोदामं उठत होती, रस्त्यावर कंटेनरच्या रांगा लागत होत्या. ती चालत भाजीबाजारापर्यंत जायची आणि परत यायची. त्यापलीकडे नाही. माहेर तर तुटलंच.

रेल्वेचा विचार केला नव्हता असं नाही. पण आमच्या घरापासून स्टेशन गाठायचं म्हणजे ट्रकांचा रस्ता ओलांडायचा, आणि पलीकडे उतरल्यावर शेवटचे चौदा किलोमीटर पुन्हा हायवेच्या कडेने जीप. तिने एकदा पाऊल टाकून बघितलं. फाटकापर्यंत आली आणि परत फिरली.

दिवाळीनंतर तिचा भाऊ, माझा मेव्हणा, आमच्याकडे आला. त्याने नव्या तांदळाची पिशवी ओट्यावर ठेवली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "बयच्या डोळ्यांना काचबिंदू सांगितलाय." सासूबाईंना सगळे बय म्हणायचे, मीही.

"म्हणजे ऑपरेशन?" बायकोने विचारलं.

"गेलेली नजर परत येत न्हाय म्हणाला डॉक्टर. थेंब दिलेत. बाजूचं काय दिसत न्हाय तिला. समोरचं तेवढं दिसतं, आन् ते पन आखडत चाललंय."

"मी दिसेन का तिला?"

मेव्हणा पिशवीचं तोंड सोडत होता. हात न थांबवता म्हणाला, "आत्ता आलीस तं दिसशील."

बयला इकडे आणायची गोष्ट निघाली. तो म्हणाला, विचारलं होतं. बयने सांगितलं की माझ्या घरात मला हात लावीन तिथं वस्तू सापडते, तुमच्याकडे येऊन मी काय भिंती चाचपत बसू?

त्याच आठवड्यात तांदूळ निवडता निवडता बायको म्हणाली, "सायकलवर बसेन मी. मोठ्या रस्त्याने नेली नाहीत तर बसेन."

मग मी रस्ता शोधायला लागलो. भिवंडीत शुक्रवारी वीज बंद असायची, म्हणून माग बंद, म्हणून आमची आठवड्याची सुट्टी शुक्रवारची. दर शुक्रवारी पहाटे पाचला निघायचो. आमच्या कारखान्यातल्या जॉबरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, मागावरचा एक जुना काउंटर माझ्या पुढच्या चाकाला बसवून दिला. चाकाच्या एका फेऱ्याला एक आकडा. एक फेरा म्हणजे दोन मीटर वीस सेंटिमीटर, हे मी फोल्डिंगच्या टेबलावर तीनदा मोजून घेतलं होतं. घरी आल्यावर गुणाकार करून वहीत उतरवायचो. रस्ता कसला, चढ किती, सावली कुठे, आणि सगळ्यात शेवटी, मोठ्या गाड्या किती भेटल्या.

पहिले कितीतरी शुक्रवार वाया गेले. एक रस्ता ओढ्यात जाऊन संपला. एक कोणाच्या तरी खळ्यात शिरला आणि तिथल्या म्हातारीने मला बियाण्याचा माणूस समजून बसवून घेतलं. अकलोलीकडून गेलो तर गरम पाण्याच्या कुंडांवर आलेल्या लोकांच्या बसगाड्या, सकाळी नऊपर्यंत सात. तो रस्ता खोडला. शेवटी तानशाहून मुंबईला पाणी नेणाऱ्या मोठ्या नळांच्या कडेचा रस्ता हाती लागला. माणसाच्या डोक्याहून उंच नळ, डोंगराच्या पायथ्याने गेलेले, आणि त्यांच्या बाजूला तांबड्या मुरमाची वाट. तिच्यावर देखरेखीची एखादी जीप सोडली तर काही यायचं नाही. नळाला कान लावला की आत पाणी घरघरायचं. तो रस्ता सतरा किलोमीटर, पुढे बैलगाडीची चाकोरी, मग तीन किलोमीटर रुंद खडीचा रस्ता, एका खदाणीच्या शेजारून, आणि मग डोंगराच्या नाकाडाला वळसा घालून तलावाच्या काठाकाठाने बायकोच्या गावापर्यंत. घरापासून एकूण एक्केचाळीस किलोमीटर.

त्या वळशाच्या टोकावर पहिल्यांदा तलाव दिसतो. मी तिथे पोचलो तेव्हा आठ वाजत आले होते. पाणी करड्या रंगाचं, अजिबात न हलणारं, पलीकडे माहुलीचे सुळके. बायकोने लग्नानंतर मला कितीदा तरी सांगितलं होतं की आमच्या दारातून पाणी दिसतं. मी नेहमी हायवेच्या बाजूने गेलेला माणूस. पाणी दिसतं म्हणजे काय दिसतं ते मला त्या दिवशी कळलं. सायकल उभी करून मी बराच वेळ तिथे होतो. किती वेळ, ते वहीत नाही.

रस्ता सापडल्यावर मी तो सहा शुक्रवार तपासला. सहाही वेळा मोठ्या गाडीच्या रकान्यात शून्य. खदाणीपाशी मी लिहिलं आहे, 'खदाण, बंद. रस्ता चांगला. धूळ फार.' पळसाची पानं पांढरी झाली होती, रस्त्यावर रुंद टायरच्या खुणा होत्या. तेही लिहिलं आहे.

राहिला वजनाचा प्रश्न. बायकोचं वजन बावन्न किलो. कारखान्यातल्या चिंध्या मी एका पोत्यात भरल्या, काट्यावर बरोबर बावन्न केल्या आणि कॅरिअरला बांधून संध्याकाळी मैदानात फेऱ्या मारायला लागलो. जॉबर दारात उभा राहून बघायचा.

"मास्टर, भाभी को घर पे छोड़ के चिंदी को घुमा रहे हो?"

"प्रॅक्टिस है."

"चिंदी बात नहीं करती ना," तो म्हणाला. "असली इम्तिहान तो बाकी है."

जायचा दिवस बायकोने ठरवला. शिमग्याला लेक माहेरी असावी असं तिच्याकडे मानतात. होळीच्या आदल्या दिवशी निघू, म्हणजे बयला होळीला घर भरल्यासारखं वाटेल. वार मंगळवार होता. होळीला कामगार गावी जातात, माग बंद असतात, रजा मिळाली. मुलं माझ्या आईकडे राहिली. मी तयारीत कमी पडलो नाही. कॅरिअरवर कांबळ्याची चौघडी, दोन ट्यूब, पंप, पाण्याच्या तीन बाटल्या. वार बदलला आहे एवढंच माझ्या ध्यानात आलं नाही. येणार तरी कसं? भिवंडीत वाढलेल्या माणसाला शुक्रवारची शांतता आपल्या गल्लीची वाटत नाही, ती जगाची वाटते.

उजाडता उजाडता आम्ही नळांच्या रस्त्याला लागलो. ती एका बाजूला पाय सोडून बसली होती, एका हाताने माझ्या सीटची मागची स्प्रिंग धरून. पिशवीत बयसाठी लुगडं आणि मुलांचे शाळेतले फोटो.

"किती झाले?"

"नऊ पूर्णांक चार."

"नऊ म्हणा ना नुसतं."

थोड्या वेळाने मी विचारलं, "टोचतंय का काही?"

"तुम्हीच हापताय. मला काय विचारता?"

"हापत नाही. चढ आहे."

"मग उतरते."

"बसून राहा. हिशेबात धरलाय चढ."

ती हसली. सीटच्या स्प्रिंगमधून ते मला पाठीला कळलं. दोन वर्षांत ती रस्त्यावर असताना हसल्याचं मला आठवत नव्हतं. पळस फुलले होते. मोहाखाली बायका वेचणी करत होत्या, त्यांनी हात केला, हिनेही केला. चाकोरीच्या टप्प्यात आम्ही दोघं चालत गेलो. तिने चपला हातात घेतल्या होत्या.

चोविसाव्या किलोमीटरला खडीचा रस्ता लागला आणि मी म्हणालो, "आता सपाट आहे, बस." ती बसली. दोनशे मीटरही गेलो नसू. मागून धडधड आली. मी वळून बघण्याच्या आत कॅरिअर हलकं झालं, सायकल डगमगली, आणि डंपर आमच्या शेजारून गेला. खडीचा धुरळा खाली बसल्यावर ती मला दिसली. रस्त्याच्या कडेच्या भाताच्या मोकळ्या शेतात, पन्नास पावलं आत, बांधावर उभी. दोन्ही हात छातीशी. पिशवी रस्त्यावर पडली होती. ती उचलून मी तिच्याकडे गेलो. तोवर दुसरा डंपर आला, मग समोरून रिकामा तिसरा. खदाण चालू होती. खडी फोडणाऱ्या क्रशरचा आवाज डोंगरावर आपटून परत येत होता.

पदराने तोंडावरची धूळ पुसून ती म्हणाली, "तुम्ही शून्य म्हणाला होतात."

"सहा वेळा बघितलं मी."

"कधी?"

"शुक्रवारी."

"सहाही वेळा शुक्रवारी?"

"सुट्टी शुक्रवारीच असते ना."

"तुमची," ती म्हणाली.

त्या भागातली वीजही शुक्रवारीच बंद असते, क्रशर बंद म्हणून डंपर बंद, हे मला नंतर तिथल्या रखवालदाराने सांगितलं. मी पांढरी पानं बघितली होती, टायरच्या खुणा बघितल्या होत्या, दोन्ही लिहून ठेवलं होतं, आणि तिसरी ओळ लिहिली होती की खदाण बंद.

मी म्हटलं, दुपारी जेवणाच्या वेळेला डंपर थांबत असतील, तोवर सावलीत बसू. ती म्हणाली, "असतील?" मग मी म्हटलं, परत जाऊ. तीन दिवसांनी शुक्रवार आहे, पुन्हा येऊ. होळी हुकेल, पण येऊ.

"तीन दिवसांनी फोन आला की तिला आता काहीच दिसत नाही, तर?" तिचा आवाज चढला नव्हता. "त्याचा काही आकडा आहे का तुमच्याकडे?"

मी बांधावर बसलो. ती उभीच होती, आणि रस्त्याकडे पाठ करून डोंगराकडे बघत होती. एवढा वेळ तिने त्या डोंगराकडे पाहिलंही नव्हतं. मी तर सात शुक्रवार त्याच्या पायथ्याने फिरलो होतो, त्याला वळसा कसा घालायचा एवढंच बघत.

"वरचे ते दोन दगड दिसतात?" ती म्हणाली. "एक मोठा, त्याला टेकलेला छोटा."

"हं."

"आमच्या बाजूने छोटा डावीकडे दिसतो. इथून उजवीकडे आहे. पण तोच आहे." ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. "त्याच्याखाली खिंड आहे. आम्ही पळसाची पानं काढायला खिंडीपर्यंत यायचो, बय आणि मी. बय म्हणायची, खाली उतरायचं नाही, खाली दुसऱ्यांचं रान."

"वाट आहे?"

"असणार. पानं काय आता काढत नाहीत लोक?" मग तिने पदर खोचला आणि पिशवी माझ्या हातातून घेतली. "मी वरून जाते. तुम्ही सायकल घेऊन वळशाने या."

मी म्हटलं, एकटी नको, मीही येतो, सायकल रखवालदाराकडे ठेवू. ती म्हणाली, सायकल गेली तर परत कसे जाल, पोरं घरी आहेत. आणि मग, जरा थांबून, "हा रस्ता मला येतो."

शेतं ओलांडून ती पायथ्याच्या झाडीत शिरली. तिचा हिरवा पदर दोनदा दिसला, मग दिसेनासा झाला. मी डंपरांच्या मधून सायकल काढली. त्या दिवशी किती डंपर भेटले ते मी मोजलं नाही.

माझ्या अंदाजाने खिंडीतली वाट सहा किलोमीटर असावी आणि माझा वळसा सतराचा. दोघांना साधारण सारखाच वेळ लागायला हवा होता. मी पावणेअकराला गावात पोचलो. ती आली नव्हती. मेव्हणा शेतावर गेला होता. बय दारात बसून चवळीच्या शेंगा सोलत होती. पावलं ऐकून तिने मान वळवली आणि मग मला शोधत मान हळूहळू इकडून तिकडे फिरवली, किल्लीच्या भोकातून बघावं तशी.

"जावईबापू?"

"हो, बय."

"येकलंच?"

मी सगळं सांगितलं. सायकल, मुरमाचा रस्ता, खदाण, खिंड. काही झाकलं नाही.

"त्या सुरुंगाच्या खदानीकडनं आनली तिला?" बय म्हणाली. "तिथं तं रोज वाजतं. येक शुक्रवार तेवढा गप असतोय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मंग? डोळं गेलं म्हनून कान बी गेलं व्हय?" मग म्हणाली, "इचारलं असतंव तं सांगितलं असतं."

मेव्हण्याला मी रस्त्याबद्दल विचारलं होतं, पण तो हायवेने येणारा-जाणारा. ज्या म्हातारीकडे जायचं होतं तिला विचारावं हे मला सुचलं नव्हतं.

बयने सूप बाजूला सारलं, भिंतीला धरून उठली आणि अंगणाच्या कडेला जाऊन डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. तिला डोंगर दिसत होता की नाही मला माहीत नाही. मी खुर्ची नेऊन दिली, ती बसली नाही. साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. मी मनात दर पाच मिनिटांनी वाटेचं अंतर वाढवत होतो. सहा नसेल, सात असेल. चढ धरला नव्हता. मग बारा वाजून गेल्यावर मी सायकलला हात घातला, तेव्हा बय म्हणाली, "थांबा. आली."

मला काही दिसत नव्हतं. थोड्या वेळाने काजूच्या झाडांमागून ती उतरली. पायांना ओरखडे, केसांत काटक्या, हातात पळसाच्या पानांचा जुडगा. तिने वाटेत पानं काढली होती.

त्या दोघी रडल्या नाहीत. बयने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कंदील फिरवावा तसं उन्हाकडे वळवलं. नजरेच्या त्या छोट्याशा भोकातून ती लेकीला तुकड्यातुकड्याने बघत होती. कपाळ बघितलं. एक डोळा, मग दुसरा. नाक. हनुवटी. मग मान तशीच धरून गळ्याखालचं जुळलेलं हाड, तिथला उंचवटा, त्यावर बोट फिरवलं.

"बारीक झालीस," ती म्हणाली.

"नाही गो. बावन्न किलो आहे. यांना विचार."

मी म्हटलं, "बरोबर बावन्न." तेव्हा दोघी हसल्या.

ठरलं होतं तीन दिवसांचं. धुळवडीला मी परत निघालो, आणि ती म्हणाली, "मी राहू का थोडे दिवस? आता आलेच आहे तर." मी हो म्हटलं. माझी आई घर बघत होती, मुलं मोठी होती. ती वैशाख संपेपर्यंत राहिली.

अकरा शुक्रवार. आमच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती, आणि चौदा वर्षांत मी बायकोला भेटायला असा कधी निघालोच नव्हतो. ती घरात असायची. मी कामावरून यायचो तेव्हा ती तिथे असायची, तेवढंच. आता गुरुवारी संध्याकाळी मी सायकलची चेन पुसायचो, टायर दाबून बघायचो, आणि कारखान्यात जॉबर विचारायचा, "मास्टर, कल ससुराल?" पहाटे नळांच्या रस्त्याला लागलो की पायडल हलकं व्हायचं. मागे बावन्न किलो नाहीत हे पाठीला कळायचं, आणि ते सुख नव्हतं. खदाण शांत असायची. माझे सगळे आकडे शुक्रवारी बरोबर असायचे.

पहिल्या शुक्रवारी ती दारात होती. दुसऱ्या शुक्रवारी तलावाच्या पहिल्या वळणावर, गावापासून एक किलोमीटर दोनशे मीटर. चौथ्या शुक्रवारी नाकाडाच्या टोकावर, जिथून पाणी पहिल्यांदा दिसतं, साडेतीन किलोमीटर. तिला विचारलं तर म्हणायची, "बसून काय करू? बय म्हणाली, जा पुढं." मग आम्ही सायकल मधे धरून काठाकाठाने चालत गावात जायचो. ती बयचं सांगायची. बय आता तिचं तोंड दिवसातून एकदाच बघायची, सकाळी, ऊन दारात आलं की. काल हनुवटी लवकर सापडली नाही. आज डावा डोळा सापडला नाही, उजव्यावर भागवलं. ती हे असं सांगायची, भाजीत मीठ कमी पडल्यासारखं. मी मुलांचं सांगायचो. दुपारी दोनला मला निघावं लागायचं. वळणावरून मागे बघितलं की ती पाण्याच्या कडेला उभी असायची, आणि तिथून पुढचा सगळा रस्ता मला उतार असूनही चढाचा वाटायचा.

अकराव्या शुक्रवारी मी खदाणीपाशी आलो तेव्हा सव्वासात झाले होते. खिंडीखालच्या झाडीतून कोणीतरी उतरत होतं. डोक्यावर पिशवी. मी सायकल उभी केली. ती शेत ओलांडून रस्त्यावर आली, मधोमध, आणि पिशवी माझ्या हँडलला अडकवली.

"इतक्या लांब?" मी म्हटलं.

"बयने पाठवलं. पहाटे उठवलं मला." थोडा दम घेऊन ती म्हणाली, "काल तोंड हातात धरलं आणि बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, झालं बघून. आता पोरांची शाळा सुरू व्हायची. जा तू."

"दिसली होतीस का तिला?"

"मी नाही विचारलं."

ती कॅरिअरवर बसली. त्या दिवशी आम्ही तलावापर्यंत गेलो नाही. तिथूनच वळलो.

बय त्यानंतर आणखी दोन वर्षं होती. पाऊस सरला की बायको जायची, शुक्रवारीच, आणि बय तिला हातांनी बघायची. बय गेल्यावर जायचं कारण उरलं नाही. आता आमच्या मुलाची गाडी आहे. बायको डोळे मिटून तिच्यात बसते, बसू शकते एवढं खरं. रस्ते मोठे झाले आहेत. ती खदाण आता खरोखर बंद आहे, खड्ड्यात हिरवं पाणी साठलं आहे.

मी अजून अधूनमधून तिथपर्यंत जातो. गुडघे पुढे जाऊ देत नाहीत, चोवीस किलोमीटर पुरतात. खडीच्या रस्त्यावर सायकल उभी करतो आणि खिंडीखालच्या झाडीकडे बघतो. बायको घरी आहे, तांदळाच्या भाकऱ्या थापत असेल, दुपारपर्यंत मी पोचलो नाही तर फोन करेल, हे सगळं मला माहीत असतं. तरी बघत राहतो. कोणी उतरत नाही.